सुक्याबरोबर ओलं

बॉस्टनच्या हार्वर्ड स्कूल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये हात्सुमी नागासावा आणि जॉन लिटल ज्या बशांमध्ये पेशी वाढवत होते, त्यांना काचेचा तळ नव्हता. पोलादी कड्यावर मायलार नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणून बसवलेला असे. त्याची जाडी जेमतेम दीड मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि वर थोडं. त्यांना पेशींवर अल्फा कण सोडायचे होते, आणि अल्फा कणाचा जोर मोठा असला तरी धाव तोकडी. साधा कागद आडवा धरला तरी तो अडतो. शरीराच्या ऊतीत शिरला तर चाळीस-पन्नास मायक्रॉनमध्येच त्याचा दम संपतो. काचेतून तो वर पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून पापुद्र्यावर पेशींचा एकेरी थर आणि खाली प्लुटोनियम-२३८, अशी मांडणी.

पेशी होत्या चिनी हॅम्स्टर या उंदराच्या भाऊबंदाच्या अंडाशयातल्या. त्यांची गुणसूत्रं थोडी आणि ठसठशीत, त्यामुळे मोजायला सोयीची. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या पट्ट्या तयार होतात. पोषकद्रवात एक ठरावीक रसायन घालून पेशी वाढवल्या आणि नंतर रंगवल्या की एक पट्टी गडद दिसते, दुसरी फिकट. या जुळ्यांनी आपापसात तुकड्यांची अदलाबदल केलेली असेल, तर गडद रंग मध्येच उडी मारून पलीकडच्या पट्टीवर जातो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या उड्या मोजायच्या. एका पेशीत किती, पुढच्या पेशीत किती, असं तासन्‌तास. अशी अदलाबदल निरोगी पेशीतही थोडीफार चालूच असते. किरणांचा मारा झाला की ती वाढते.

नागासावा आणि लिटल यांनी डोस खाली खाली आणत नेला. त्यातला एक होता ०.३१ मिलिग्रे. एखाद्या केंद्रकातून एकच अल्फा कण आरपार गेला, तरी त्या केंद्रकापुरता डोस शंभर मिलिग्रेच्या घरात जातो. तेव्हा सरासरी ०.३१ याचा अर्थ उघड होता: शेकडो पेशींमागे एखादीच्या केंद्रकाला कण लागला, बाकी सगळ्या कोऱ्या. एक टक्काही केंद्रकांना कणाचा स्पर्श झालेला नव्हता. आणि रंगवलेल्या गुणसूत्रांमध्ये उड्या वाढलेल्या दिसत होत्या तीस टक्के पेशींत.

१९९२ साली 'कॅन्सर रिसर्च'मध्ये हा निबंध छापून आला, अवघ्या तीन पानांचा. एक आणि तीस. हा हिशेब जुळत नव्हता. तो किती लोकांना बोचला हे समजायचं, तर सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

१९२२ मध्ये फ्रँकफुर्टच्या फ्रीडरिश डेसाउअरला एक साधाच प्रश्न पडला होता. माणसाचा जीव घेऊ शकेल एवढा क्ष-किरणांचा डोस म्हणजे ऊर्जेच्या मापात काय? सगळं अंग मिळून तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढेल, बस. गरम चहाचा एक घोट यापेक्षा जास्त ऊब देतो. मग माणूस मरतो कशाने? डेसाउअरचं उत्तर असं, की ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. ती अतिसूक्ष्म ठिकाणी एकदम साठते आणि तिथलं सगळं होत्याचं नव्हतं करते. त्याच वर्षी त्याच्याच संस्थेत मारिएट्टा ब्लाउ आणि कामिलो आल्टेनबुर्गर यांनी या कल्पनेला गणिताचा अंगरखा चढवला. वळवाचे पहिले टपोरे थेंब फरसबंद अंगणात पडतात, तेव्हा काही फरश्यांवर दोन-दोन थेंब असतात, काहींवर एक आणि पुष्कळशा कोरड्याच. किती कोरड्या राहतील हे थेंबांच्या सरासरीवरून सांगता येतं. किरणांचंही तेच. पेशीत कुठेतरी एक नाजूक लक्ष्य आहे. त्याला घाव बसला तर पेशी मेली, नाही बसला तर वाचली.

हे 'लक्ष्य-सिद्धान्ता'चं मूळ. पुढे केंब्रिजच्या डग्लस ली याने ते इतकं कसून मांडलं की १९४६ साली आलेलं त्याचं पुस्तक दोन पिढ्यांसाठी पोथी ठरलं. पुढच्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, ली वारला. दरम्यान बर्लिनमध्ये तिमोफेयेफ-रेसोव्स्की, झिमर आणि डेलब्रुक या तिघांनी १९३५ साली याच विचाराने जनुकाचा आकार अजमावला, आणि त्यांच्या निबंधाच्या आधारावर श्रोडिंगरने 'व्हॉट इज लाइफ?' लिहिलं. जीवशास्त्रात भौतिकशास्त्रज्ञांचा जो ओघ पुढे आला, त्याची एक वाट या गणितातून गेली होती. एवढ्या मोठ्या घराण्यातला सिद्धान्त. त्याला कोण शंका विचारणार?

त्यात तो उपयोगाचाही होता. कर्करोगावरच्या किरणोपचारांचे डोस त्यावर बसवता येत. सुरक्षिततेचे नियम त्यावर रचता येत: घाव जितके, धोका तितका, डोस निम्मा तर धोका निम्मा, आलेखावर शून्यापासून निघणारी एक सरळ रेषा. त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली होती. जिला घाव नाही, ती पेशी सुखरूप.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा एक प्रकार इथे झाला. डेन्व्हरमध्ये थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५६ साली मानवी पेशी किरणांखाली किती मरतात याचा पहिला नेटका आलेख काढला. पेशी होत्या 'हीला', बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून आलेल्या. लक्ष्य-सिद्धान्ताचा तो मोठा विजय मानला जातो. पण एकेकट्या पेशी बशीत जगतच नव्हत्या, त्यांना सोबत लागे. त्यावर या दोघांनी वर्षभर आधी एक युक्ती काढली होती. पेशींच्या एका थराला क्ष-किरणांचा भारी डोस द्यायचा, इतका की त्यांचं विभाजन कायमचं थांबावं. मग त्या थरावर ताज्या पेशी पेरायच्या. किरण खाल्लेल्या पेशी मरणपंथाला असतानाही पाण्यात काहीतरी सोडत, आणि त्यावर नव्या पेशी तरारून येत. म्हणजे घाव बसलेली पेशी शेजारणीशी काहीतरी देवाणघेवाण करते, हे प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापरातलं तंत्र झालं होतं. फक्त ती देवाणघेवाण चांगलीच असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

वाईटाचेही पुरावे होते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, की रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात फक्त प्लीहेवर किरण दिले तरी छातीच्या हाडातल्या मज्जेत बदल दिसतात. मज्जेवर किरण पडलेच नव्हते. १९६८ मध्ये हॉलोवेल आणि लिटलफील्ड यांनी क्ष-किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव निरोगी माणसांच्या पांढऱ्या पेशींत मिसळला, तर त्यांची गुणसूत्रं तुटली. १९७७ मध्ये पंत आणि कामादा या दोघांना हिरोशिमात हेच सापडलं. बाँबमधून वाचलेल्या, त्या वेळी जबर डोस मिळालेल्या माणसांच्या रक्तद्रवात स्फोटानंतर तीस वर्षांनीही गुणसूत्रं मोडण्याचा गुण शिल्लक होता. पुढे चेर्नोबिलच्या साफसफाईला गेलेल्या आर्मेनियन कामगारांच्या रक्तात इंग्रिड एमेरिट यांनाही तो आढळला.

मग एवढं असून कुणी का ऐकलं नाही? माझ्या मते हे निबंध खोटे ठरले नाहीत, त्यांना बसायला जागाच नव्हती. डॉक्टरांच्या नियतकालिकातला एक, प्रायोगिक जीवशास्त्रातला एक, जपानी वैद्यकीय पत्रिकेतला एक. प्रत्येकाला सोयीचं कारण देता येई: आजारी माणसाचं रक्त, त्यात विषाणू असेल, मेलेल्या पेशींचा कचरा असेल. शिवाय डोस मोठे होते, आणि मोठ्या डोसात सगळ्याच पेशींना घाव बसतो. घायाळ कोण आणि शेजारी कोण हे वेगळं काढायचं कसं? नागासावा-लिटल यांच्या बशीत शेजाऱ्यांची संख्या घायाळांच्या शंभरपट होती. तिथे कानाडोळा करणं अवघड होतं.

त्याच १९९२ साली इंग्लंडमधल्या हार्वेलला मुनीरा कधीम, एरिक राइट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मज्जापेशींवर प्लुटोनियमचे अल्फा कण सोडले. वाचलेल्या पेशींच्या वंशजांत कित्येक विभाजनांनंतरही गुणसूत्रांची नवी नवी मोडतोड होतच राहिली. घाव आजीला आणि मोडतोड पणतीला. शेजारची गोष्ट आणि पुढच्या पिढीची गोष्ट या दोन्ही एकाच वर्षी पुढे आल्या, आणि पुढची दहा वर्षं त्या एकमेकींत गुंतत गेल्या.

पहिली प्रतिक्रिया मात्र सिद्धान्त वाचवण्याचीच होती. १९९६ मध्ये लॉस अलामॉसच्या गटाने, ज्यांच्या निबंधावर पहिलं नाव देशपांडे असं आहे, माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींवर हाच प्रयोग केला. हिशेब पुन्हा तसाच विस्कटला. त्यांनी तेव्हा सुचवलं, की लक्ष्य फक्त केंद्रकात नसून बाहेरही असावं, म्हणजे लक्ष्यच जरा मोठं धरावं. पण ते किती मोठं धरणार? आकडे पेशीच्या सीमेबाहेर जात होते. दुसऱ्या वर्षी त्याच गटातल्या लेनर्ट आणि गुडविन यांनी मारा झालेल्या बशीतला द्रव काढून कोऱ्या पेशींवर घातला, आणि अदलाबदल तिथेही वाढली. नारायणन यांच्यासह त्यांनी दाखवलं, की अल्फा कण लागलेल्या पेशी सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतात. पण एक विचित्र गोष्टही निघाली. सीरम घातलेल्या नुसत्या द्रवावर, त्यात एकही पेशी नसताना, मारा केला तरी थोडा परिणाम दिसे. म्हणजे निरोप पेशी देतात की द्रवच, हे कोडं राहिलं.

डब्लिनमध्ये कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सीमोर या जोडप्याने ते वेगळ्या बाजूने धरलं. हे दोघे दहा वर्षं एका विचित्र निरीक्षणाच्या मागे होते: किरणांतून वाचलेल्या पेशींची संतती पुढे कारण नसताना मरत राहते. १९८६ मध्ये टिक्वा ॲल्पर या ज्येष्ठ बाईंबरोबर त्यांनी ते छापलंही होतं. आता त्यांनी केलं ते इतकं साधं होतं, की कुठल्याही महाविद्यालयात करता यावं. माणसाच्या त्वचेच्या पेशी भरलेल्या बाटलीला कोबाल्टचे गामा किरण दिले. थोडा वेळ जाऊ दिला. मग पोषकद्रव ओतून घेतला, एकही पेशी येऊ नये म्हणून बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला आणि ज्यांनी कधी किरण पाहिलेच नाहीत अशा पेशींवर घातला. त्या पेशी मेल्या. सगळ्या नव्हेत, पण वसाहती स्पष्टपणे कमी झाल्या. पेशी नसलेल्या बाटलीतला द्रव किरण देऊन घातला, तर काही झालं नाही. आणि संयोजी ऊतीतल्या पेशींचा, म्हणजे फायब्रोब्लास्टचा द्रव वापरला, तरी काही झालं नाही. १९९७ च्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच हा फरक नोंदलेला आहे: त्वचेच्या पेशी निरोप देतात, फायब्रोब्लास्ट देत नाहीत.

त्यांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी. डोस दुप्पट केला, दहापट केला, तरी शेजाऱ्यांचं नुकसान त्या प्रमाणात वाढत नव्हतं. थोड्या डोसातच ते पुरं होई आणि तिथेच थांबे. कळ दाबली की दिवा लागतो. जोरात दाबली म्हणून जास्त लागत नाही. लक्ष्य-सिद्धान्ताच्या सरळ रेषेला याहून मोठं आव्हान नव्हतं.

तरी संशयाला एक फट होतीच. कण कुठल्या पेशीला लागला हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, सगळं सरासरीच्या हिशेबावर चाललं होतं. ती फट बुजवली सूक्ष्मशलाकेने. लंडनजवळ नॉर्थवुडला ग्रे प्रयोगशाळेत आणि न्यूयॉर्कजवळ कोलंबिया विद्यापीठाच्या नेव्हिस प्रयोगशाळेत अशी यंत्रं उभी राहिली होती, की संगणक प्रत्येक पेशी शोधतो, तिचं केंद्रक नेमक्या जागी आणतो आणि ठरवलेल्या संख्येइतकेच कण सोडतो. वाटल्यास एकच. नॉर्थवुडला ओलेग बेल्याकोव्ह, केव्हिन प्राइझ आणि मंडळींनी माणसाच्या फायब्रोब्लास्टच्या बशीत एकच पेशी निवडली आणि तिच्यावर एकच हेलियम आयन सोडला. तीन दिवसांनी बशी तपासली. सुमारे पाच हजार पेशींमध्ये ८० ते १०० जादा पेशी बिघडलेल्या निघाल्या, काही मेलेल्या, काहींत केंद्रकाचे तुकडे पडलेले. एकाऐवजी जास्त कण सोडून पाहिले, पण बिघडलेल्यांची संख्या वाढली नाही. हे २००१ चं. न्यूयॉर्कला होंगनिंग झोऊ, टॉम हे आणि सहकाऱ्यांनी वीस टक्के पेशींवर प्रत्येकी वीस कण सोडले, आणि उत्परिवर्तनं अपेक्षेच्या तिप्पट निघाली. त्याच संस्थेत त्याआधी कण मुद्दाम केंद्रक चुकवून पेशीद्रवात मारले होते. उत्परिवर्तनं तेव्हाही आलीच होती.

डब्लिनचे फायब्रोब्लास्ट मुके आणि नॉर्थवुडचे बोलके, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. याचं एक उत्तर एद्वार आझम आणि लिटल यांनी दिलं होतं. पेशी एकमेकींना चिकटून असतील तर त्यांच्यामध्ये कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात. या नळ्यांतून छोटे रेणू थेट इकडून तिकडे जातात, बाहेरच्या द्रवात उतरावंच लागत नाही. या नळ्या रसायनाने बंद केल्या की शेजाऱ्यांमधली धोक्याची प्रथिनं जागी होईनाशी झाली. म्हणजे निरोपाच्या वाटा निदान दोन: घट्ट शेजाऱ्यांना भिंतीतून, लांबच्यांना पाण्यातून. नायट्रिक ऑक्साइड, इंटरल्युकिन-८, टीजीएफ-बीटा, कॅल्शियमच्या लाटा, सीओएक्स-२ असे एकेक निरोपे पुढे सापडत गेले. यातले बहुतेक ओळखीचेच आहेत. जखम झाली की ऊतीत सूज येते, ती आणणारी हीच मंडळी. एखाद्या गुप्त पदार्थाचा शोध चालू होता आणि निघाले गावातलेच लोक.

बशीबाहेर काय होतं, हा प्रश्न उरला होता. न्यूयॉर्कच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर अल्फा कणांची एक बारीक रेघ ओढली, तर रेघेपासून एक मिलिमीटरपर्यंत पेशी मरत असलेल्या दिसल्या. पेशीच्या मापाने हे अंतर फार मोठं. रोमच्या संशोधकांनी २००८ मध्ये मेंदूत गाठ होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेले उंदीर घेतले. नुकत्याच जन्मलेल्या पिलांची डोकी शिशाच्या कवचात ठेवून बाकी अंगावर क्ष-किरण दिले. शिशाआडून जेवढे किरण झिरपत, तेवढेच देऊन तुलनेसाठी दुसरी पिलंही ठेवली. झाकलेल्या डोक्यांत गाठी वाढल्या. नळ्यांचा मार्ग बंद करणारं औषध दिल्यावर लहान मेंदूतल्या पेशींचं नुकसान घटलं. मदरसिल आणि सीमोर यांनी तर कॅनडात रेनबो ट्राउट माशांना किरण देऊन ताज्या माशांबरोबर एका टाकीत सोडलं, आणि ताज्या माशांच्या ऊतींतून निघालेल्या द्रवाने पेशी मारल्या. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. मग लक्षात आलं, की रासायनिक इशारे पाण्यात सोडणं हा माशांचा नेहमीचाच व्यवहार आहे.

पण सगळं एका दिशेने गेलं असं नाही. बर्कलेच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये जड आयन वापरून काळजीपूर्वक प्रयोग केले आणि शेजाऱ्यांत काहीच सापडलं नाही. विल्यम मॉर्गन स्वतः या क्षेत्रातला मोठा माणूस. त्याच्याही गटाला काही पेशींत परिणाम दिसला नाही. काही ठिकाणी शेजारणी मरण्याऐवजी जास्त चिवट झाल्या. काही ठिकाणी बिघडलेली पेशीच शेजारच्या धडधाकट पेशींमुळे सावरली. सीरमची बाटली बदलली, तरी उत्तर बदलतं. हे सगळं प्रामाणिकपणे छापलं गेलं, हे त्या क्षेत्राचं श्रेय.

खरी खडाजंगी धोरणावर झाली. घरातल्या हवेत रेडॉन वायू असतो. त्याच्या धोक्याचा अंदाज खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरून, सरळ रेषा खाली ओढून काढलेला आहे. खाणीत एका पेशीला अनेक अल्फा कण लागत. घरात आयुष्यभरात फार तर एक. कमी डोसात शेजारी-परिणाम पुरता होत असेल, तर सरळ रेषा घरातला धोका कमी दाखवते, असं कोलंबियाच्या डेव्हिड ब्रेनर आणि बर्कलेच्या रेनर सॅक्स यांनी गणिताने मांडलं. विरुद्ध बाजूचं म्हणणंही वजनदार होतं. हिरोशिमाचे आणि खाणींचे आकडे अख्ख्या माणसांचे आहेत. त्यांच्या शरीरात शेजाऱ्यांवर जे काही झालं, ते त्या कर्करोगांच्या मोजणीत आधीच आलेलं आहे. ते पुन्हा वेगळं कशाला जोडायचं? मला हा दुसरा युक्तिवाद मोठ्या डोसापर्यंत पटतो. जिथे मोजलेली माणसं नाहीत आणि फक्त रेषा आहे, तिथे तो पांगळा पडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीने २००६ च्या अहवालात या परिणामांना एक सबंध परिशिष्ट दिलं आणि जोखमीचे आकडे बदलायला ते पुरेसं नाही असं ठरवलं. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने सरळ रेषा कायम ठेवली. भारतातही नियम त्याच रेषेवर उभे आहेत: किरणांशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञापासून तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे टेक्निशियनपर्यंत सगळ्यांच्या छातीवर जो टीएलडी बॅज असतो, त्यातून निघणारा आकडा शोषलेल्या ऊर्जेचाच असतो. किती पेशींना घाव बसला आणि किती नुसत्या शेजारी होत्या, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते मोजणारा बॅज अजून कुणी बनवलेला नाही.